नवी गिटार घ्यावी का?

दवाखान्यात येणारी माणसे नाना प्रश्न विचारतात. भात बंद करू का? गुडघ्याला पट्टा लावू का? साखर असताना केळी चालतील का? केळीच्या जिल्ह्यात हा शेवटचा प्रश्न तर रोजचाच. उत्तरे देऊन देऊन आता ती तोंडपाठ झाली आहेत. पण मध्यंतरी तीन महिने मी स्वतःच एक प्रश्न घेऊन फिरत होतो आणि त्याचे उत्तर काही सापडत नव्हते. प्रश्न असा, की नवी गिटार घ्यावी का?

वाचक म्हणतील, हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कुठून आला? दुकानदाराला विचारा, नाहीतर घरात विचारा. घरात विचारले होते. सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, चालण्याचे यंत्र घेतले त्यावर टॉवेल वाळताहेत. गिटारवर काय वाळत घालायचे?" या प्रश्नालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. मात्र हा विषय प्रकृतीचाच आहे हे मला पुढे अनुभवाने पटले. म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो.

माझी जुनी गिटार विद्यार्थिदशेतली. १९८८ साली धुळ्याच्या एका मित्राकडून साडेतीनशे रुपयांना घेतलेली. त्या वयात सर्वांना वाटते तसे मलाही वाटले होते, की सहा महिन्यांत आपण मैफल गाजवू. सहा महिन्यांत बोटांची सालटी निघाली, दोन चाली कशाबशा आल्या, परीक्षा आली आणि गिटार कपाटावर गेली. पुढे दवाखाना, संसार, मुलांची शिक्षणे. पस्तीस वर्षे मी एकच गोष्ट स्वतःला आणि इतरांना सांगत आलो, "आपल्या बोटांत संगीत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

दोन वर्षांपूर्वी मलाच साखर निघाली, पाठोपाठ रक्तदाबही वाढला. ज्या मित्राने मला तपासले तो म्हणाला, "गोळ्या मी देतो. पण रात्री साडेनऊला दवाखाना बंद केल्यावर झोपेपर्यंत तू काय करतोस?" खरे उत्तर होते, फोन बघतो आणि शेव खातो. तो म्हणाला, "हाताला काहीतरी काम दे." हाताला काम म्हटल्यावर कपाटावरची गिटार आठवली.

छंदाने प्रकृती सुधारते, हे आपण ऐकत आलो आहोत. त्याला आधार किती? २००३ साली अमेरिकेत पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींची काही वर्षे पाहणी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. २०२३ साली सोळा देशांतील पासष्टीपुढच्या ९३ हजार लोकांच्या माहितीवरून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना काही छंद होता त्यांच्यात उदासीनतेची लक्षणे कमी होती आणि आपली प्रकृती बरी आहे असे ते अधिक सांगत होते. आता यावरून गिटार हे औषध आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याची प्रकृती मुळात बरी तोच छंद जोपासू शकतो, असाही त्याचा अर्थ असू शकतो. पण छंदाचा अपाय फारसा नाही आणि उपयोग होण्याचा संभव बराच आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी. डॉक्टरला बऱ्याच गोळ्यांबद्दलही एवढे ठामपणे म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहा. या अभ्यासांत फायदा दिसला तो वाजवणाऱ्यांना. वाद्य विकत घेणाऱ्यांना काय झाले, हे कोणी मोजलेलेच नाही. आणि आपली सगळी फसगत नेमकी इथेच होते.

गिटार खाली काढली, पुसली आणि रोज रात्री वाजवू लागलो. पंधरा दिवसांतच बोटे दुखू लागली, उजवा खांदा भरून येऊ लागला आणि मन दुकानाकडे धावू लागले. एका दुकानात मी एक गिटार पाहिली. मधाच्या रंगाची, चकचकीत, किंमत चाळीस हजारांच्या घरात. दुकानदाराने वाजवून दाखवली. मला वाटले, हीच ती! ही घरी आली की मी रोज तासभर वाजवीन. रात्री फोनवर त्याच गिटारची छायाचित्रे पाहत बसलो. पाहता पाहता साडेअकरा झाले. त्या दिवशी हातातली गिटार पाच मिनिटेही वाजवली नव्हती.

हा रोग माझ्या ओळखीचा आहे. मधुमेहाचा रुग्ण भारी बूट घेतो आणि चालणे पुढच्या महिन्यापासून सुरू करतो. रक्तदाबाचे यंत्र येते, आठ दिवस घरातल्या सगळ्यांचा दाब मोजला जातो, नंतर घटातल्या विड्यासारखे ते देव्हाऱ्याजवळ पडून राहते. रसाचे यंत्र, योगासनांची चटई, मानेची उशी, सगळ्यांची तीच कथा. वस्तू घेतली की काम केल्याचे अर्धे समाधान मिळते आणि त्या अर्ध्या समाधानावर माणूस पूर्ण झोप घेतो. घेतानाचा आनंद खोटा नसतो, पण तो टिकत नाही. चार-सहा आठवड्यांत चकचकीत वस्तू घरातल्या खुर्चीसारखी होऊन जाते.

नव्या वाद्यात खरोखर गुण किती असतो, हेही पाहण्यासारखे आहे. गिटारची पाठ आणि बाजू कोणत्या लाकडाची, यावर किमतीत मोठा फरक पडतो. २०१८ साली इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सहा गिटारी बनवून घेतल्या. बाकी सर्व सारखे, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे. त्यांत आपल्याकडचे शिसवही होते. ५२ गिटारवादकांना जाड काळे चष्मे लावून, अंधुक उजेडात त्या वाजवायला दिल्या. महाग लाकूड कोणते आणि स्वस्त कोणते, हे त्यांना आवाजावरून खात्रीने सांगता आले नाही. मुरलेल्या वादकांची ही स्थिती, तर साडेनऊनंतर वाजवणाऱ्या माझ्यासारख्याने चाळीस हजारांचा आवाज ओळखण्याच्या गोष्टी कशाला कराव्यात? याचा अर्थ सगळी वाद्ये सारखीच असतात असा मात्र नाही. चांगल्या आणि वाईट बांधणीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण तो फरक पुष्कळदा कानाच्या आधी हाताला कळतो.

तेव्हा मी ठरवले, की आपण रुग्णाला जे सांगतो तेच आता स्वतःला सांगायचे. आधी तपासणी, मग निदान आणि शेवटी औषध. तक्रारी कागदावर लिहिल्या. तीन निघाल्या. एक, बोटे दुखतात. दोन, उजवा खांदा दुखतो. तीन, ती मधाच्या रंगाची गिटार डोळ्यांपुढून हलत नाही. बोटांची तक्रार, खांद्याची तक्रार आणि डोळ्यांची तक्रार. प्रत्येकीचे निदान वेगळे करायचे.

धुळ्याला पेट्या आणि तंतुवाद्ये दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर आहेत, असे त्याच जुन्या मित्राकडून कळले. चैत्रातल्या एका रविवारी गिटार गाडीत टाकली आणि निघालो. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे असा आपला नेहमीचा महामार्ग. पारोळ्याला उसाचा रस प्यायला उतरलो आणि गप्पांत अर्धा-पाऊण तास मोडला. गाडी उन्हात, काचा बंद. बाहेर बेचाळीस अंश असताना बंद गाडीत साठाच्या वर तापमान जाऊ शकते. तान्ही मुले गाडीत ठेवू नका, असे दर उन्हाळ्यात लिहिणारा हा डॉक्टर, लाकूड आणि सरस यांनाही ऊन लागते हे विसरला होता. धुळ्याला पेटी उघडली तेव्हा घोडीची एक कड उचलली गेली होती. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. चूक सर्वस्वी माझी.

कारागिरांनी त्यावर काही भाष्य केले नाही. गिटार आडवी धरून दांडीवरून एक डोळा मिटून पाहिले. मग बाराव्या पडद्यावर छोटी पट्टी लावून तार आणि पडदा यांच्यातले अंतर मोजले. अशा पोलादी तारांच्या गिटारला हे अंतर दोन ते तीन मिलिमीटर असावे. माझ्या गिटारचे पाचाहून जास्त होते. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, बोटांचे घट्टे पाहिले आणि अहिराणीत म्हणाले, "डागदर साहेब, दोष बोटंसना नही, तारा उच्च्या शेतस."

दोष बोटांचा नाही, तारा उंच आहेत.

त्यांनी मला कारण समजावून सांगितले. सहा पोलादी तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोचा असतो. म्हणजे एक भरलेला माणूस ती दांडी रात्रंदिवस ओढत असतो. वर्षानुवर्षे ओढून दांडी पुढे वाकते. आपल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, पावसाळ्यात फुगते, पोट वर येते आणि त्याबरोबर तारा वर येतात. बऱ्याच गिटारींच्या दांडीत पोलादी सळई असते. तिचा स्क्रू फिरवून बाक कमी करता येतो. माझ्या गिटारीत ती होती आणि ती गंजलेली नव्हती, हे माझे नशीब. त्यांनी घोडी पुन्हा चिकटवली, चोवीस तास दाबून ठेवली, वरची पांढरी पट्टी कानशीने घासून कमी केली, दांडी सरळ केली, नव्या पातळ तारा चढवल्या. पुढच्या रविवारी जाऊन गिटार आणली. या सगळ्याचा खर्च त्या मधाच्या रंगाच्या गिटारच्या किमतीच्या विसाव्या भागाहून कमी आला.

घरी येऊन वाजवली आणि मी गप्प बसलो. विद्यार्थिदशेत जी पकड कधीच जमली नव्हती, पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबायची, ती दहाव्या प्रयत्नात वाजली. आनंद झालाच, पण त्याहून अधिक चुटपुट लागली. ही गिटार माझ्याकडे आली तेव्हाच तिच्या तारा उंच असणार. कोणीतरी तेव्हाच पट्टी लावून पाहिले असते तर? पस्तीस वर्षे मी माझ्या बोटांवर ठपका ठेवला. ती पस्तीस वर्षे कोणी परत देणार नाही.

ही चुटपुट गिटारपुरती राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता. त्याच आठवड्यात यावल तालुक्यातले एक गृहस्थ नेहमीच्या तपासणीला आले. वय साठीच्या आसपास, मधुमेह जुना, विडीची सवय. दोन वर्षे मी त्यांना "रोज चाला" म्हणून सांगत होतो आणि ते चालत नव्हते. विचारले की म्हणायचे, "वेळ मिळत नाही." मी रागवायचो. कागदावर मी चक्क लिहून ठेवले होते, "सल्ला पाळत नाहीत." त्या दिवशी मी प्रथमच वेगळे विचारले, "चालायला लागलात की नेमके काय होते?" ते म्हणाले, "मारुतीच्या देवळापर्यंत जातो तोवर पोटरी गच्च होते. पारावर दोन मिनिटे बसलो की सुटते. पुन्हा निघालो की पुन्हा तेवढ्यावर तेच."

वाचकहो, ठराविक अंतर चालल्यावर पोटरी दुखणे आणि उभे राहिल्यावर किंवा बसल्यावर थांबणे, हे पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे ठळक लक्षण आहे. मधुमेह आणि तंबाखू ही त्याची दोन मोठी कारणे. पावलावरची नाडी हाताला लागली नाही. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या मानाने बराच कमी भरला. पुढच्या तपासण्या झाल्या, औषधे सुरू झाली, विडी सुटली. आता ते दुखेपर्यंत चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. या आजारात असे शिस्तीने चालणे हाही उपचारच आहे. देवळाच्या पुढे दोन गल्ल्या त्यांची मजल गेली आहे. पण दोन वर्षे मी त्यांना आळशी समजत होतो. वेळेवर कळले म्हणून बरे, नाहीतर पायावर बेतले असते. तारा उंच होत्या आणि मी बोटांना दोष देत होतो.

म्हणून माझे मत असे, की एखादी चांगली सवय टिकत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. आधी स्वतःला दोष देणे थांबवावे. मग साधन तपासावे. आणि त्यानंतरच, गरज उरली तर, नवे घ्यावे. आपण नेमके उलट करतो. आधी नवे घेतो, ते पडून राहिले की स्वतःला दोष देतो आणि तपासणी कोणीच करत नाही.

आता उरलेल्या दोन तक्रारी.

डोळ्यांच्या तक्रारीला मी चाळीस दिवसांची मुदत दिली. एक वही केली. रोज किती मिनिटे वाजवले ते लिहायचे, बाकी काही नाही. चाळिसांपैकी तीस दिवस वाजवणे झाले तरच नव्या वाद्याचा विचार करायचा. मुदत संपली तेव्हा एकतीस दिवस भरले होते आणि गंमत अशी, की ती मधाच्या रंगाची गिटार मला शेवटचे पंधरा दिवस आठवलीही नव्हती. डोळ्यांची तक्रार औषधाविना बरी झाली. बहुतेक वेळा होते.

खांद्याची तक्रार मात्र गेली नाही, उलट वाढली. हात मागे नेऊन सदऱ्याची बाही घालता येईना. हा गोठलेला खांदा. मधुमेहींमध्ये तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. तसेच हाताच्या बोटाची कट्‌कन अडकणारी गाठ आणि मनगटातील नस दबून रात्री अंगठा व शेजारची बोटे बधिर होणे, हेही मधुमेहींना अधिक होते. माझ्या गिटारचे खोके रुंद आणि खोल. त्यावरून उजवा हात टाकायचा तर खांदा उचलून धरावा लागतो. बऱ्या खांद्याला ते चालते, गोठलेल्याला नाही. गोठलेला खांदा व्यायामाने आणि उपचाराने वर्ष-दोन वर्षांत बहुधा सुटतो. पण छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा लागलेली सवय दोन वर्षे कपाटावर ठेवली तर ती खाली उतरेल याची हमी कोण देणार? ही दुरुस्तीने सुटणारी तक्रार नव्हती. खोके कानशीने घासून लहान करता येत नाही.

तेव्हा मी पुन्हा दुकानात गेलो, या वेळी डोळे मिटून. खरोखरच डोळे मिटून. तीन गिटारी मांडीवर घेतल्या आणि आवाज न काढता प्रत्येक पाच मिनिटे नुसती धरून बसलो. खांदा कुठे सैल राहतो ते पाहिले. लहान खोक्याची, नायलॉनच्या तारांची एक गिटार होती. तिच्या तारांचा ताण चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे पोलादीच्या जवळपास निम्मा. बोटांनाही सुख. किंमत त्या पहिल्या गिटारच्या चौथाईपेक्षा थोडी कमी. ती मी घेतली. का घेतली, हे मी एका वाक्यात सांगू शकतो, उजवा खांदा उचलावा लागू नये म्हणून. ज्या खरेदीचे कारण असे एका वाक्यात आणि शरीराच्या भाषेत सांगता येते, ती खरेदी खुशाल करावी. कारण सांगायला तीन वाक्ये लागली तर अजून थांबावे.

काही जण विचारतात, गिटार हे आपले वाद्य का? पेटी, बासरी घ्यावी. जरूर घ्यावी. पण पेटीही युरोपातूनच आली. तिचा तिथला अवतार पॅरिसमध्ये घडला आणि एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे तिला दारातही उभे केले नव्हते. गिटारवर राग वाजवून ब्रिजभूषण काबरा आणि पुढे विश्वमोहन भट्ट यांनी मोठे नाव मिळवले. बालगंधर्वांनी लहानपणी ज्या जळगावात गाण्याचे पहिले धडे घेतले, त्या गावाने कोणत्याच वाद्याला परके म्हणू नये. आणि मी जे सांगितले ते पेटीलाही लागू आहे. भाता गळका असेल तर मनगट दुखते, पेटी बसण्याच्या उंचीला जुळत नसेल तर मान धरते. तिथेही आधी भाता तपासावा.

हौसेने वाजवणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून संपवतो. बोटांच्या टोकांची आग पहिले तीन-चार आठवडे होणारच. घट्टे पडले की ती जाते. पण मनगटात, कोपरात कळ येणे, बोट अडकणे किंवा मुंग्या येणे हे सहन करायचे दुखणे नव्हे, दाखवायचे दुखणे आहे. वीस मिनिटे वाजवल्यावर पाच मिनिटे हात सोडून बसावे. मधुमेहींनी साखर तपासायला तारा दाबणाऱ्या हाताची बोटे टोचू नयेत, दुसऱ्या हाताची टोचावीत आणि तीही टोकाला न टोचता कडेला. पायाखाली छोटे पाट घेतले तर पाठ वाकत नाही. वाद्य उन्हाच्या भिंतीला टांगू नये, कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये आणि गाडीत तर कधीच विसरू नये.

पैशाबद्दल एकच सांगतो. हौस हप्त्यावर घेऊ नये. रक्तदाब उतरवण्यासाठी आणलेल्या वस्तूचा हप्ता दर महिन्याला रक्तदाब चढवू लागला, तर तो व्यवहार फायद्याचा कसा म्हणावा? मुलांसाठी घेताना सर्वांत स्वस्त गिटार घेण्याचा मोह होतो, पण तारा उंच असलेली स्वस्त गिटार मुलाला एकच धडा शिकवते, की तुझ्या बोटांत संगीत नाही. थोडी बरी, मुलाच्या अंगाला जुळणारी, जाणकाराने तपासलेली घ्यावी, मग ती वापरलेली का असेना.

जुनी गिटार मी आमच्या कंपाउंडरच्या अकरावीतल्या मुलाला दिली. देताना बाराव्या पडद्यावर पट्टी लावून त्याच्यासमोर मोजली. पावणेतीन मिलिमीटर. त्याला सांगितले, बोटे दुखली तर महिनाभर धीर धर आणि महिन्यानंतरही दुखली तर आधी हे अंतर मोज. आपल्याला जमत नाही असे एवढ्यात कोणाला सांगू नकोस.

चालण्याच्या यंत्राचे काय, असे सौ. विचारते. तेही परवा तपासले. पट्टा ढिला झाला आहे, पाय सरकतो. कारागीर बुधवारी येणार आहे. टॉवेल आजच काढून ठेवले.